बटण नेमकं किती वेळ दाबलं?

अडून बसलेला कॉम्प्युटर बंद करायचा झाला की आपण त्याचं पॉवर बटण दाबून धरतो. चारेक सेकंद गेले की स्क्रीन काळी होते. हे चार सेकंद कुणाच्या लहरीवर ठरलेले नाहीत. कॉम्प्युटरच्या वीजव्यवस्थापनासाठी जे ‘एसीपीआय’ नावाचं मानक आहे, त्यातच ते लिहून ठेवले आहेत. बटण चार सेकंदांहून जास्त दाबलेलं राहिलं, तर ऑपरेटिंग सिस्टिम शुद्धीवर असो वा नसो, यंत्र बंद करायचं. मोबाईलच्या स्क्रीनवर बोट पटकन टेकवलं तर एक काम होतं, जरा रेंगाळलं तर दुसरं. डिजिटल घड्याळ लावताना बटण धरून ठेवलं की आकडे भराभर पळू लागतात. या सगळ्या ठिकाणी आतली चिप बटणाच्या दाबाला एक लांबी आहे असं मानते आणि ती लांबी मोजते.

मोजायचं कसं, हे विचारलं तर शाळकरी पोरगंही सांगेल: दाबलं तेव्हाची वेळ टिपायची, सोडलं तेव्हाची टिपायची, वजाबाकी करायची. वजाबाकी खरोखरच सोपी आहे. अवघड आहे ते वेळ टिपणं, कारण चिपला इतरही कामं असतात आणि बटण कधी दाबायचं हे माणूस तिला विचारून ठरवत नाही.

उदाहरणासाठी ‘एटीमेगा ३२८पी’ ही चिप घेऊ. नाव ओळखीचं वाटलं नाही तरी ‘आर्डुइनो उनो’ हा निळा बोर्ड बऱ्याच जणांनी पाहिलेला असतो. पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर तो सहज मिळतो, आणि इंजिनिअरिंगच्या निम्म्या प्रोजेक्टांचा भार त्याच्यावरच असतो. त्याच्या मधोमध बसलेली लांबुळकी चिप म्हणजे ही एटीमेगा. ती १६ मेगाहर्ट्झवर चालते, म्हणजे तिचा एक ठोका ६२.५ नॅनोसेकंदांचा. एका मिलिसेकंदात तिचे सोळा हजार ठोके होतात. एवढ्या चपळ चिपला बोटाचा दाब मोजणं जड का जावं?

नवशिक्याचा प्रोग्रॅम साधारण असा असतो: एका फेऱ्यात फिरत राहायचं, फेऱ्यात तापमान वाचायचं, डिस्प्लेवर लिहायचं, मग पिनकडे बघून बटण दाबलंय का ते तपासायचं, आणि शेवटी ५० मिलिसेकंद गप्प बसायचं. सहज दाबून सोडलेलं बटण १०० मिलिसेकंदांच्या आसपास दाबलेलं असतं. दर ५० मिलिसेकंदांनी डोकावणाऱ्या प्रोग्रॅमला तो दाब कधी ५० वाटेल, कधी १००, कधी १५०. शेवटची विश्रांती काढून टाकली तरी दुखणं जात नाही. साध्या दोन ओळींच्या एलसीडीला ‘पुसून टाक’ एवढी आज्ञा दिली तरी तिला दीड मिलिसेकंद लागतो. तेवढ्या वेळात पिनवर काय घडलं, ते प्रोग्रॅमला नंतर कळतं.

यावर पुस्तकातला पहिला उतारा म्हणजे इंटरप्ट. पिनची पातळी बदलली की चिपने हातातलं काम अर्धवट टाकायचं, ठरलेलं छोटं फंक्शन चालवायचं, त्यात घड्याळ बघून वेळ लिहून घ्यायची आणि परत कामाला लागायचं. हा उपाय चांगला आहे आणि बहुतेक वेळा पुरतो. पण इंटरप्टची हाक आली आणि फंक्शनची पहिली उपयोगी ओळ चालली, यांच्यात वेळ जातो. एटीमेगा ज्या एव्हीआर कुळातली आहे, त्या कुळातल्या चिपमध्ये किमान चार ठोके, शिवाय रजिस्टरमधल्या किमती बाजूला ठेवण्यात आणखी काही. हे एक-दोन मायक्रोसेकंद सोडून देता येतील, कारण ते जवळजवळ स्थिर असतात आणि दोन वेळांची वजाबाकी केली की उडून जातात. त्रास होतो तो अस्थिर उशिराचा. त्या क्षणी दुसरा एखादा इंटरप्ट चालू असेल तर आपल्याला थांबावं लागतं. प्रोग्रॅमने सगळेच इंटरप्ट बंद ठेवले असतील तर आणखी थांबावं लागतं. सणासुदीला लावतात त्या रंगीत एलईडी पट्ट्या घ्या. त्यांच्यातल्या प्रत्येक एलईडीला रंग सांगायला साधारण ३० मायक्रोसेकंद लागतात आणि त्या काळात लय बिघडू नये म्हणून लायब्ररी इंटरप्ट बंद करते. साठ एलईडींची पट्टी म्हणजे १.८ मिलिसेकंद चिप बहिरी.

म्हणजे दोन वेगळ्या वेळा आहेत: घटना घडली ती वेळ, आणि ती प्रोग्रॅमला कळली ती वेळ. आपण दुसरी टिपतो आणि तिला पहिली समजतो.

हा गोंधळ चिपच्या जन्माआधीचा आहे आणि त्यापायी एका माणसाची नोकरीही गेली आहे. १७९६ मध्ये ग्रीनिचच्या वेधशाळेचे प्रमुख नेव्हिल मॅस्केलिन यांनी आपला सहायक डेव्हिड किनेब्रुक याला कामावरून काढलं. तारा दुर्बिणीतल्या तारेमागून सरकतो तो क्षण टिपणं हे त्याचं काम. पद्धत अशी, की कानाने लंबकाचे ठोके मोजायचे, डोळ्याने तारा बघायचा, आणि दोन ठोक्यांमध्ये तो नेमका कुठे तार ओलांडून गेला याचा अंदाज सेकंदाच्या दशांशात लिहायचा. किनेब्रुकच्या नोंदी मॅस्केलिनच्या नोंदींपेक्षा आधी अर्धा सेकंद, मग ०.८ सेकंद उशिराच्या येऊ लागल्या. मॅस्केलिनना वाटलं, पोराने कामाची वाईट पद्धत लावून घेतली आहे. पुढे जर्मन खगोलज्ञ बेसेल यांनी हे प्रकरण वाचलं, नामवंत निरीक्षकांच्या नोंदी ताडून पाहिल्या, आणि त्यांच्यातही असे फरक निघाले. ज्याला त्याला आपापला उशीर होता. १८५० च्या सुमारास वेधशाळांमध्ये विजेचे क्रोनोग्राफ येऊ लागले. फिरत्या पिंपावर कागद गुंडाळलेला, घड्याळ त्यावर दर सेकंदाला एक खूण करतंय, आणि निरीक्षकाने कळ दाबली की शेजारी आणखी एक खूण उमटते. आता ठोके मोजायची गरज उरली नाही. खूण किती वाजता पडली हे नंतर, सावकाश, पट्टी लावून वाचता येत असे. निरीक्षकाच्या बोटाचा उशीर राहिलाच, पण कान आणि डोळा यांच्या ओढाताणीतला उशीर गेला.

मायक्रोकंट्रोलरमधलं ‘इनपुट कॅप्चर’ म्हणजे सिलिकॉनमध्ये बसवलेला हाच क्रोनोग्राफ आहे. एटीमेगामध्ये ‘टायमर १’ नावाचा १६ बिटांचा काउंटर आहे. तो ० पासून ६५,५३५ पर्यंत मोजतो, पुन्हा शून्यावर येतो, पुन्हा मोजतो. प्रोग्रॅम काहीही करत असो, याचं मोजणं चालूच असतं. चिपची एक ठराविक पिन (उनोवर ती ८ नंबरची) एका छोट्या सर्किटमार्फत या काउंटरला जोडलेली आहे. त्या पिनवर सिग्नल पडला किंवा उठला की त्या क्षणी काउंटरमध्ये जो आकडा असेल, तो ‘आयसीआर१’ नावाच्या रजिस्टरमध्ये जसाच्या तसा उतरवला जातो. हे काम तारा आणि ट्रान्झिस्टर करतात. त्यात प्रोग्रॅमची एकही ओळ चालत नाही. उतरवून झालं की इंटरप्टची हाक जाते. प्रोग्रॅम ती हाक लगेच ऐको किंवा दोन मिलिसेकंदांनी, रजिस्टरमधला आकडा बदलत नाही. सरकारी कचेरीत अर्ज आला की टपाल घेणारा कारकून आधी आवक शिक्का मारतो आणि मग तो साहेबांच्या टेबलावर जातो. साहेब रजेवर असले तरी अर्ज मुदतीत आला की नाही हे शिक्क्यावरून ठरतं. इथेही तसंच.

ही सोय काही चैनीची नाही. मोटोरोलाच्या ६८०१ या सुरुवातीच्या मायक्रोकंट्रोलरमध्येही १६ बिटांचा टायमर आणि एक कॅप्चर पिन होती, आणि पुढच्या ६८एचसी११ मध्ये अशा पिना तीन झाल्या. मोटारीच्या इंजिनातलं दातेरी चाक सेन्सरसमोरून फिरतं तेव्हा दोन दात्यांमधला वेळ मोजायचा, आणि तो अचूक मोजायचा, ही गरज बोटाने दाबायच्या बटणापेक्षा फार कडक आहे. आपल्याकडे डिप्लोमाच्या वर्गांत पिढ्यान्‌पिढ्या शिकवल्या गेलेल्या ८०५१ मध्ये मात्र असं कॅप्चर नाही. त्यात वेगळीच युक्ती आहे. टायमरची ‘गेट’ बिट लावून ठेवली, तर बाहेरची इंटरप्ट पिन उंच असेपर्यंतच तो चालतो. पिन खाली आली की थांबतो. म्हणजे वजाबाकीसुद्धा करायला नको, टायमरमध्ये उरलेला आकडा हीच स्पंदाची लांबी. परीक्षेत ही बिट कशासाठी असते हे दोन गुणांना विचारतात, आणि बहुतेकांना ते उत्तर पाठ असतं. ती वापरून काही मोजलेले मात्र फार थोडे भेटतात. ८०५२ मध्ये टायमर २ आला आणि त्याबरोबर खरं कॅप्चरही.

आता बटण जोडू. त्याचं एक टोक ८ नंबरच्या पिनला, दुसरं ग्राउंडला. चिपच्या आतला पुलअप रेझिस्टर चालू केला की मोकळी पिन ५ व्होल्टवर राहते आणि बटण दाबलं की शून्यावर येते. म्हणून दाबणं म्हणजे पडता किनारा, सोडणं म्हणजे चढता. कॅप्चर एका वेळी एकाच प्रकारचा किनारा ओळखतं. तेव्हा आधी त्याला पडत्याची वाट बघायला सांगायचं, तो सापडला की आयसीआर१ वाचून ठेवायचं, मग निवडीची बिट उलटवून चढत्याची वाट बघायला सांगायचं. बिट उलटवताना कॅप्चरचा झेंडा, म्हणजे कॅप्चर झाल्याची खूण करणारी बिट, खोटाच वर जाऊ शकतो, म्हणून तो उतरवावा लागतो; आणि उतरवण्यासाठी त्यात शून्य नव्हे, एक लिहावा लागतो. एव्हीआरच्या डेटाशीटमध्ये हे स्पष्ट लिहिलेलं आहे आणि तरीही प्रत्येक नवा माणूस त्यावर एक संध्याकाळ घालवतो.

आर्डुइनोवर आणखी एक खोच आहे. बोर्ड चालू होतो तेव्हा त्याचा पायाभूत प्रोग्रॅम टायमर १ ला आधीच पीडब्ल्यूएमच्या, म्हणजे दिव्याचा उजेड किंवा मोटरचा वेग कमीजास्त करण्याच्या, कामाला लावून ठेवतो. त्या अवस्थेत तो ० ते २५५ एवढाच चढतो-उतरतो. कॅप्चर तर होतं, पण वाचलेले आकडे कधीच २५५ च्या वर जात नाहीत आणि त्यांच्या वजाबाकीला काही अर्थ उरत नाही. टीसीसीआर१ए या रजिस्टरमध्ये आधी शून्य लिहिलं की टायमर मोकळा होतो. त्याची किंमत अशी, की ९ आणि १० नंबरच्या पिनांवरचं पीडब्ल्यूएम आणि सर्व्हो मोटरची नेहमीची लायब्ररी, दोन्ही हातची जातात, कारण तीही याच टायमरवर जगतात.

काउंटर किती वेगाने चालवायचा हे ठरवावं लागतं. पूर्ण १६ मेगाहर्ट्झवर चालवला तर एक पायरी ६२.५ नॅनोसेकंदांची, पण ६५,५३६ पायऱ्या ४.०९६ मिलिसेकंदांतच संपतात. प्रीस्केलर लावून ठोके ८, ६४, २५६ किंवा १०२४ ने भागता येतात. १०२४ ला पायरी ६४ मायक्रोसेकंदांची होते आणि एक फेरी ४.१९ सेकंदांची, म्हणजे कॉम्प्युटरच्या पॉवर बटणाचे चार सेकंद एका फेरीत कसेबसे मावतात. मी ६४ निवडतो. पायरी ४ मायक्रोसेकंदांची, फेरी २६२.१४४ मिलिसेकंदांची.

समजा दाबताना आयसीआर१ मध्ये ५२,३१० आले आणि सोडताना ९,८७४. सोडतानाचा आकडा लहान आहे, कारण मधे काउंटर शून्यावरून गेला. ९,८७४ मधून ५२,३१० वजा केले तर उत्तर ऋण येतं, पण १६ बिटांच्या बिनचिन्ही गणितात ते आपोआप ६५,५३६ ने वर उचललं जातं आणि २३,१०० होतं. गुणिले ४ मायक्रोसेकंद, म्हणजे ९२.४ मिलिसेकंद. सुंदर. फक्त हे उत्तर बरोबर आहे की नाही, हे या दोन आकड्यांवरून सांगता येत नाही. काउंटर मधे एकदा शून्यावरून गेला असेल तर ९२.४, दोनदा गेला असेल तर ३५४.५४४ मिलिसेकंद. दोन्ही बोटाला शक्य आहेत. म्हणून फेऱ्या मोजाव्या लागतात: काउंटर प्रत्येक वेळी शून्यावर आला की ओव्हरफ्लोचा इंटरप्ट येतो, त्यात एक आकडा एकाने वाढवायचा. फेऱ्यांचा आकडा वरच्या १६ बिटांत, आयसीआर१ खालच्या १६ बिटांत, झाला ३२ बिटांचा वेळ.

इथे या विषयातला सगळ्यात खोडकर दोष लपलेला आहे. समजा बटण ५२,३१० ला दाबलं, आणि काउंटर नुकताच शून्यावरून पुढे जाऊन ३ वर असताना सोडलं. ओव्हरफ्लो आणि कॅप्चर यांच्यात फक्त १२ मायक्रोसेकंदांचं अंतर. त्याच वेळी दुसरा एखादा इंटरप्ट चालू असेल, तर ओव्हरफ्लो आणि कॅप्चर दोघेही दारात उभे राहतात. वाट मोकळी झाल्यावर चिप आधी कुणाला आत घेते? या चिपमध्ये कॅप्चरचा क्रमांक वरचा आहे, म्हणून त्याला. आलेल्या क्रमाचा इथे काही संबंध नाही. मग कॅप्चरचं फंक्शन चालतं तेव्हा फेऱ्यांचा आकडा अजून वाढलेला नसतो. ते हा ३ जुन्या फेरीतला समजून वजाबाकी करतं, उत्तर उणे ५२,३०७ येतं, आणि ३२ बिटांच्या बिनचिन्ही गणितात ते ४ अब्ज २९ कोटींच्या घरात जातं. खरा दाब होता ५२.९ मिलिसेकंदांचा. डिस्प्ले सांगतो, बटण ४ तास ४६ मिनिटं दाबलेलं होतं.

असं रोज घडत नाही, आणि त्यातच त्याचा उपद्रव आहे. वाट अडवणारं काम २० मायक्रोसेकंदांचं असेल तर २६२ मिलिसेकंदांच्या फेरीत ही फट साधारण तेरा हजारांत एकदा पकडली जाते. टेबलावर बसून शंभर वेळा बटण दाबणाऱ्याला ती दिसत नाही. यंत्र गिऱ्हाइकाकडे गेलं की दिसते. उपाय दोन ओळींचा आहे. कॅप्चरच्या फंक्शनमध्ये ओव्हरफ्लोचा झेंडा वर आहे का ते बघायचं. तो वर असेल आणि टिपलेला आकडा लहान असेल, म्हणजे ३२,७६८ च्या आत असेल, तर ओव्हरफ्लो आधी झालाय असं समजून फेरी एकाने जास्त धरायची. आकडा मोठा असेल तर कॅप्चर आधी झालं, काही करायचं नाही. जिथे कुठे हा ३२ बिटांचा जोड वापरलेला दिसेल, तिथे मी आधी या दोन ओळी शोधतो.

इथवर चिपची बाजू झाली. बटण मात्र यापेक्षा जास्त बेभरवशाचं आहे. आत धातूची लवचिक पत्री असते. ती खाली आपटते, उसळते, पुन्हा आपटते. बोटाला एकच ‘टक्’ जाणवते. चिपला मात्र पडते-चढते किनारे ओळीने दिसतात. जॅक गॅन्सल या अमेरिकन इंजिनिअरने अठरा वेगवेगळे स्विच घेऊन प्रत्येक कित्येकशे वेळा दाबून पाहिला होता. दोन अगदीच बिघडलेले सोडले तर बाकीच्यांचं उसळणं सरासरी सुमारे १.६ मिलिसेकंद चाललं, जास्तीत जास्त ६.२. त्या बिघडलेल्यांपैकी एकाने मात्र १५७ मिलिसेकंदांपर्यंत मजल मारली. दिसायला नीटनेटका स्विच चांगला वागेलच असं नाही, हा त्याचा निष्कर्ष विकत घेणाऱ्याने ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

एटीमेगाच्या कॅप्चरला ‘नॉइज कॅन्सलर’ नावाची सोय आहे, आणि नावाला भुलून बरेच जण ती चालू करून निर्धास्त होतात. ती इतकंच करते: पिनचे लागोपाठ चार नमुने सारखे आले तरच किनारा खरा धरायचा. चार नमुने म्हणजे मूळ घड्याळाचे चार ठोके, म्हणजे २५० नॅनोसेकंद. प्रीस्केलर कितीही लावला तरी एवढेच. शेजारच्या रिलेने उडवलेल्या एखाद्या सुईसारख्या झटक्याला ती अडवेल. मिलिसेकंदभर नाचणाऱ्या पत्रीपुढे तिचं काही चालत नाही.

दुसरा नेहमीचा उपाय म्हणजे बटणाला समांतर कपॅसिटर. तो नाच खरोखर थांबवतो. चालू-बंद एवढंच हवं असेल तर ठीक आहे, पण वेळ मोजायचा असेल तर तो मापात खोट घालतो. १० किलोओहमचा पुलअप आणि १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घेऊ. बटण दाबलं की कपॅसिटर बटणातूनच क्षणात रिकामा होतो, त्यामुळे पडता किनारा वेळेवर येतो. सोडलं की तो रेझिस्टरमधून हळूहळू भरतो. पिनला ‘उंच’ वाटण्याएवढा, म्हणजे पुरवठ्याच्या निम्मा ते साठ टक्के व्होल्टेज गाठायला त्याला ७ ते ९ मिलिसेकंद लागतात. एका टोकाला उशीर नाही, दुसऱ्या टोकाला आहे, म्हणून तो वजाबाकीत उडत नाही. ९२ चा दाब १०० चा दिसतो, आणि ४ मायक्रोसेकंदांच्या पायऱ्यांचं मोजमाप पहिल्याच रेझिस्टरपाशी पाण्यात जातं. शिवाय रिकामं होताना संपर्कांतून जो प्रवाहाचा झटका जातो, तो छोट्या बटणाच्या संपर्कांना चांगला नाही.

तेव्हा उसळण्याचा निकाल प्रोग्रॅममध्येच लावलेला बरा, आणि कॅप्चरचं खरं मोल इथे कळतं. दाबताना पहिला पडता किनारा आला तो क्षण खरा धरायचा, कारण पत्रीने प्रथम स्पर्श केला तो तेव्हाच. आकडा बाजूला ठेवायचा आणि पुढचे २० मिलिसेकंद कॅप्चरकडे लक्षच द्यायचं नाही. मग चढत्या किनाऱ्याची वाट. तो आला की तोही बाजूला ठेवायचा, पण लगेच विश्वास टाकायचा नाही. २० मिलिसेकंदांनी पिनकडे बघायचं. ती अजून उंच असेल तर बटण खरंच सुटलं, आणि सुटलं ते २० मिलिसेकंदांपूर्वीच्या टिपलेल्या क्षणी. ती पुन्हा खाली गेली असेल, तर जुन्या गंजक्या संपर्काने मधेच दगा दिला होता. नोंद फेकायची आणि पुन्हा वाट बघायची. निर्णय उशिरा घेतला म्हणून माप उशिराचं होत नाही.

यातही एक छिद्र आहे. आयसीआर१ हे एकच रजिस्टर आहे, त्याच्यामागे रांग नाही. पहिला किनारा टिपला गेला, पण एलईडीच्या पट्टीमुळे प्रोग्रॅम १.८ मिलिसेकंद बहिरा होता, आणि तेवढ्यात पत्री चार वेळा उसळली, तर प्रत्येक नवा पडता किनारा जुन्या आकड्यावर लिहिला जातो. प्रोग्रॅमच्या हाती शेवटचा लागतो. चूक जास्तीत जास्त त्या १.८ मिलिसेकंदांची, पण ती होते.

बटणासाठी एवढा खटाटोप करावा का? पॉवर बटण किंवा घड्याळाचं बटण असेल तर नाही. तिथे दर ५ मिलिसेकंदांनी पिन तपासणारा साधा प्रोग्रॅम भरपूर झाला; कॅप्चर वापरणं म्हणजे हौस. पण काही ठिकाणी दाबाची लांबी हीच माहिती असते. २०१६ मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्‌स’ या नियतकालिकात एक अभ्यास आला होता: कीबोर्डवर नेहमीचं टायपिंग करताना प्रत्येक कळ किती वेळ दाबलेली राहते, त्यातल्या चढउतारांवरून पार्किन्सनची सुरुवातीची लक्षणं ओळखता येतील का, याचा. अशा कामात कीबोर्ड आणि कॉम्प्युटर यांच्यातला यूएसबीचा व्यवहारही आडवा येतो, कारण पुष्कळ कीबोर्डांना कॉम्प्युटर दर ८ ते १० मिलिसेकंदांनीच विचारतो, काय दाबलंय. इलेक्ट्रॉनिक पियानोत तर प्रत्येक पट्टीखाली दोन संपर्क असतात, एक वर आणि एक जरा खाली. पट्टी जोरात दाबली की दोन्ही लागण्यातलं अंतर काही मिलिसेकंदांचंच, हळू दाबली की त्याच्या कित्येक पट. आवाज मोठा काढायचा की मऊ, हे त्या अंतरावरून ठरतं. तिथे एकेका मिलिसेकंदाला कान आहे.

राहिला प्रश्न ४ मायक्रोसेकंदांच्या पायरीवर किती भरवसा ठेवायचा याचा. उनोच्या एटीमेगाला घड्याळ पुरवतो तो क्वार्ट्झ क्रिस्टल नव्हे. तो सिरॅमिक रेझोनेटर आहे, आणि त्याची खात्री साधारण अर्ध्या टक्क्याची. म्हणजे एक सेकंदाच्या दाबात ५ मिलिसेकंदांपर्यंत फरक पडू शकतो, पायरी कितीही बारीक असो. आपला बोर्ड किती चुकतो हे त्याच पिनवर तपासता येतं. स्वस्तातल्या जीपीएस मॉड्यूलना दर सेकंदाला एक स्पंद देणारी पिन असते, आणि उपग्रह सापडलेले असताना त्या स्पंदाचा नेमकेपणा मायक्रोसेकंदाच्याही आतला असतो. बटण काढून ती तार ८ नंबरला लावायची, कॅप्चरला फक्त चढते किनारे टिपायला सांगायचं आणि लागोपाठच्या दोन स्पंदांमधल्या पायऱ्या मोजायच्या. घड्याळ बिनचूक असेल तर २,५०,००० येतील. २,४९,४०० आल्या तर बोर्ड ०.२४ टक्के मंद आहे, आणि यापुढे टिपलेल्या पायऱ्या ४ ऐवजी ४.००९६ मायक्रोसेकंदांनी गुणायच्या. खोली तापली की हा आकडा किंचित हलेल, म्हणून जीपीएसची तार जवळच ठेवलेली बरी.